देणारा हात एकच

बाबांनी ते पुस्तक आणलं तेव्हा मी तिसरीत होते. शिक्षकांच्या मोर्चासाठी ते सांगलीला गेले होते. संध्याकाळच्या एसटीने परतले ते पिशवीत शेंगदाण्याचा पुडा आणि सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनातून घेतलेलं एक मोठ्या आकाराचं, पातळसं पुस्तक घेऊन. किंमत दोन-तीन रुपयांच्या वर नसावी, कारण त्याहून महाग काही बाबा घेणं शक्यच नव्हतं. आमच्या शाळेच्या पुस्तकांचा कागद करडा, खरखरीत. याची पानं मात्र जाड आणि गुळगुळीत होती. उघडलं की शाईचा आणि डिंकाचा असा एक वास यायचा, जो मी पुढे पुन्हा कुठल्याच पुस्तकाला घेतला नाही. आत बर्फच बर्फ होतं. आम्हाला बर्फ ठाऊक होता तो गोळेवाल्याच्या गोणपाटातला. चित्रातल्या बर्फावर झाडांच्या सावल्या पडल्या होत्या आणि त्या निळ्या होत्या. सावली निळी कशी, म्हणून मी आईच्या किती दिवस मागे लागले होते.

शेवटच्या पानावर मॉस्कोचा पत्ता होता आणि वाचकांना एक विनंती होती : पुस्तकाचा अनुवाद, त्याची मांडणी याविषयी आपलं मत कळवा. तोवर माझं मत घरात कुणी भाजीबद्दलही विचारलं नव्हतं. मी वहीचं पान फाडून पत्र लिहिलं. बाबा पोस्टात जाऊन परदेशी टपालाचा खर्च विचारून आले आणि काही बोलले नाहीत. पत्र पुस्तकातच राहिलं.

अशी पुस्तकं महाराष्ट्रात घरोघर पोचली. लोकवाङ्मय गृहाच्या दुकानातून, प्रदर्शनांतून, गाडीवरून. अनिल हवालदारांसारखे अनुवादक मॉस्कोत राहून ती मराठीत आणत. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांना वाचनाची गोडी या पुस्तकांनी लावली. ते ऋण मी आजही मानते. आणि म्हणूनच पुढे जे कळलं, ते वाचून बाजूला ठेवून देता आलं नाही.

कळलं ते आधी एका चित्रकारामुळे. इल्या कबाकोव हे नाव आज जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत दिसतं. पण मॉस्कोत असताना जवळजवळ तीस वर्षं त्यांचं पोट चाललं ते मुलांच्या पुस्तकांच्या चित्रांवर. शंभराहून जास्त पुस्तकं त्यांनी रंगवली. दिवसा ससे, अस्वलं, बर्फ काढायचं, आणि स्रेतेन्स्की बुलेवारवरच्या इमारतीच्या माळ्यावर स्टुडिओ होता, तिथे आपली खरी चित्रं करायची. ती बघायला यायचे फक्त ओळखीचे लोक. एरिक बुलातोव आणि ओलेग वासिलिएव या चित्रकारांचाही क्रम असाच : वर्षातले काही महिने मुलांची पुस्तकं, उरलेले महिने स्वतःसाठी.

बालसाहित्य ही त्या देशात लपायची जागा होती, आणि कबाकोवच्या आधीपासून होती. लेनिनग्राडचा दानियल खार्म्स मुलांसाठी कविता लिहून जगायचा. मोठ्यांसाठी लिहिलेलं त्याचं जवळपास सगळं हयातीत अप्रकाशित राहिलं. १९४१ च्या ऑगस्टमध्ये त्याला पकडलं, आणि शहराला जर्मन वेढा पडलेला असताना फेब्रुवारी १९४२ मध्ये तुरुंगाच्या मनोरुग्ण विभागात तो गेला. त्याची हस्तलिखितं वाचली ती याकोव द्रुस्किन या मित्रामुळे. उपासमारीने स्वतः खंगलेला हा माणूस खार्म्सच्या घरी गेला आणि कागदांनी भरलेली एक सुटकेस घेऊन आला. शहरात माणसं ऊब मिळावी म्हणून फर्निचर जाळत होती. कागदांची ती सुटकेस त्याने जाळली नाही.

ही लपायची जागाही पुरती सुरक्षित नव्हती. १ मार्च १९३६ ला 'प्रावदा' या कम्युनिस्ट पक्षाच्या वर्तमानपत्रात मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढणाऱ्यांवर लेख आला. त्याच्या मथळ्यातच त्यांना रंगांची घाण करणारे म्हटलं होतं. रोख होता व्लादिमीर लेबेदेव यांच्यावर, म्हणजे ज्यांनी सोव्हिएत बालपुस्तकाला त्याचं देखणं रूप दिलं त्यांच्यावरच. माझ्या हातात आलेल्या त्या निळ्या सावल्यांना एवढा इतिहास होता.

हे सगळं क्रांतीच्या पहिल्या दिवसापासून असंच होतं असं नाही. विसाच्या दशकात तिथे कलेत जेवढी धमाल चालली होती, तेवढी तेव्हा जगात फार थोड्या ठिकाणी असेल. चित्रकार मालेविच आणि तातलिन, नाट्यदिग्दर्शक मेयरहोल्ड, कवी मायकोव्हस्की. शिक्षण आणि कलेचं खातं सांभाळणारे लुनाचार्स्की स्वतः नाटककार होते आणि ज्याची शैली आपल्याला आवडत नाही त्यालाही काम मिळू द्यायचे. तरी १९२२ मध्येच 'ग्लावलिट' हे खातं निघालं होतं : छापायचा प्रत्येक मजकूर आधी त्यांच्या नजरेखालून जायचा. आपल्याकडे नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे जाते हे ठाऊक असलेल्याला ही पद्धत चटकन समजेल. फरक एवढाच, आणि तो फार मोठा, की इथे मंडळाने नकार दिला तर निर्माता हायकोर्टाची पायरी चढू शकला आणि जिंकूनही आला. तिथे कोर्टही त्याच मालकाचं होतं.

खरा पालट झाला २३ एप्रिल १९३२ ला. पक्षाच्या मध्यवर्ती समितीने ठराव करून लेखक-कलावंतांच्या सगळ्या वेगवेगळ्या संघटना मोडीत काढल्या. १९३४ च्या ऑगस्टमध्ये लेखक संघाचं पहिलं अधिवेशन भरलं, गॉर्की अध्यक्षस्थानी, आणि पक्षाचे नेते झ्दानोव यांनी 'समाजवादी वास्तववाद' ही एकच वाट आखून दिली, म्हणजे कलेने समाजवादाचं आशादायी चित्रच रंगवायचं. या वाटेबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला जास्त महत्त्वाची वाटते ती संघाची रोजची व्यवस्था. संघाचा सभासद झालं की घर मिळायचं, मॉस्कोजवळच्या पेरेदेल्किनोसारख्या ठिकाणी राहून लिहायला बंगली मिळायची, आजारपणात मदत, सुटीत आरामगृह. पुस्तक निघालं की लाखाच्या घरात प्रती. छापखाना सरकारचा, कागद सरकारचा, दुकान सरकारचं, परीक्षण लिहिणारं मासिकही सरकारचंच. मराठी लेखकाला हे ऐकून हेवा वाटेल. आयुष्यभर नोकरी करून रात्री लिहिणाऱ्या आमच्या माणसांना असं कुणी विचारलं होतं?

पण देणारा हात एकच असला की त्याला मारायची फारशी गरज पडत नाही. तो मागे घेतला तरी पुरतं. कात्रीची भीती मला समजते, ती आपल्याकडेही चालते. दुसरा दरवाजाच नसण्याची कल्पना करायला मात्र मला बरीच वर्षं लागली.

२६ जानेवारी १९३६ ची रात्र घ्या. मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरच्या खास बॉक्समध्ये स्टालिन बसले होते. समोर द्मित्री शोस्ताकोविच या २९ वर्षांच्या संगीतकाराचा ऑपेरा चालला होता. दोन वर्षं तो लेनिनग्राड-मॉस्कोत गाजत होता, परदेशातही गेला होता. स्टालिन शेवटापर्यंत थांबले नाहीत. दोन दिवसांनी शोस्ताकोविच कार्यक्रमासाठी उत्तरेला अर्खांगेल्स्कला होते. तिथे त्यांनी 'प्रावदा' घेतला. आत बिनसहीचा लेख : संगीताऐवजी गोंधळ. त्यात एक वाक्य होतं, की हा खेळ फार वाईट रीतीने संपू शकतो. ज्यांनी काल पाठ थोपटली तेच सहकारी पुढच्या आठवड्यात सभा घेऊन त्यांना दोष देऊ लागले.

मला या प्रसंगात सगळ्यात जास्त छळते ती पुढची गोष्ट. तेव्हा त्यांची चौथी सिंफनी अर्धी लिहून झाली होती. त्यांनी ती पुरी केली. डिसेंबरमध्ये वाद्यवृंदाच्या तालमी चालू असताना त्यांनी ती मागे घेतली. कागदोपत्री कुणी बंदी घातली नव्हती, संगीतकाराने स्वतःच ती मागे घेतल्याची नोंद आहे. नंतर पाचवी लिहिली. २१ नोव्हेंबर १९३७ ला लेनिनग्राडमध्ये वाद्यवृंदाचे संचालक म्राविन्स्की यांनी ती वाजवली, तेव्हा संथ भागात लोक उघड रडले आणि शेवटी अर्धा तास टाळ्या थांबेनात. ते वर्ष अटकांचं होतं. सभागृहात बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या घरचं कुणी ना कुणी गेलेलं होतं आणि रडायला दुसरी जागा नव्हती. सरकारला त्या सुरांत पश्चात्ताप ऐकू आला. लोकांनी आपलं ऐकून घेतलं. चौथी मात्र पंचवीस वर्षं गप्प राहिली.

मेयरहोल्डच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. १९३८ मध्ये थिएटर बंद, १९३९ मध्ये अटक, २ फेब्रुवारी १९४० ला गोळी. कवी मान्देलश्ताम डिसेंबर १९३८ मध्ये व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत मेले. त्यांच्या कविता त्यांची बायको नादेझ्दा हिने तोंडपाठ करून ठेवल्या. जात्यावरच्या ओव्या मुखातून मुखात टिकल्या असं आपण सहज म्हणतो. इथे एक शिकलेली शहरी बाई, हाताशी कागद-पेन असताना, जिवाच्या भीतीने तोच मार्ग धरते.

आणि कवयित्री आना आख्मातोवा. पूर्वीच्या नवऱ्याला १९२१ मध्ये गोळी घातलेली, मुलगा तुरुंगात. लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेरच्या रांगेत तिने सतरा महिने काढले. त्या रांगेतल्या बायांवर ती दीर्घ कविता रचत होती, पण घरात कविता सापडली तर मुलाचा जीव जायचा. लिदिया चुकोव्स्काया या मैत्रिणीने पुढे लिहून ठेवलंय ते असं. आख्मातोवा गप्पा मारता मारता थांबायची, छताकडे-भिंतींकडे डोळ्यांनी खुणावायची, कागदाचा कपटा ओढायची. मोठ्याने काहीतरी साधंसुधं बोलायची, चहा घेणार का, असं. आणि बोलता बोलता भरभर लिहून कपटा पुढे करायची. चुकोव्स्काया मनातल्या मनात वाचायची, पाठ करायची, परत द्यायची. यंदा शरद लवकर आला, असं आख्मातोवा मोठ्याने म्हणायची आणि काडी ओढून राखदाणीवर तो कपटा जाळायची.

मी हे वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवून स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच काडी ओढून पाहिली. कपट्याएवढा कागद जळायला चार-पाच सेकंद लागतात.

महायुद्धात लगाम जरा सैल झाला होता. १४ ऑगस्ट १९४६ च्या ठरावाने तो पुन्हा आवळला. आख्मातोवा आणि विनोदी लेखक झोश्चेन्को दोघांना संघातून काढलं आणि रेशनकार्ड गेलं. फेब्रुवारी १९४८ मध्ये संगीतकारांची पाळी आली : शोस्ताकोविच, प्रोकोफिएव, खाचातुरियान. लिहिणाऱ्यांना पोटासाठी एक खिडकी उघडी राहिली, ती अनुवादाची. कवी पास्तरनाकने शेक्सपिअर आणि गटे केले. आख्मातोवाने पुढे रवींद्रनाथांच्या कविता रशियनमध्ये नेल्या. स्वतःच्या कविता जाळणारे हात गुरुदेवांच्या ओळींवर फिरत होते, हे कळलं त्या दिवसापासून ही बाई मला फार दूरची वाटत नाही.

५ मार्च १९५३ ला स्टालिन गेले. त्याच दिवशी प्रोकोफिएवही गेले. मग सुरू झाला तो काळ, ज्याला तिथले लोक बर्फ वितळण्याचा काळ म्हणतात. बर्फ वितळलं, पण जागोजागी. पास्तरनाकला १९५८ मध्ये नोबेल जाहीर झालं आणि लेखक संघाने त्याला बाहेर काढलं. त्याने ते नाकारलं. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये ख्रुश्चेव यांनी स्वतः परवानगी दिली म्हणून छळछावणीतल्या एका दिवसाची सोल्झेनित्सिनची कथा 'नोवी मीर' या मासिकात छापून आली, आणि १ डिसेंबरला हेच ख्रुश्चेव मानेझच्या चित्रप्रदर्शनात नव्या चित्रकारांवर ओरडत होते. एक माणूस खूश तर कथा छापली जाते, रागावला तर चित्रं उतरवली जातात. त्या दिवशी शिल्पकार एर्न्स्त नेइझ्वेस्तनी त्यांना तोंडावर उत्तरं देत उभा राहिला. युद्धात लढून आलेला माणूस होता तो. ख्रुश्चेव सत्तेवरून गेले, १९७१ मध्ये वारले, आणि घरच्यांनी थडग्याचं काम याच नेइझ्वेस्तनीला दिलं. त्याने ते केलं. मॉस्कोच्या नोवोदेविची दफनभूमीत ते आहे : काळे आणि पांढरे दगड एकमेकांत अडकवलेले, मध्ये ख्रुश्चेव यांचा चेहरा. मला हे क्षमा वगैरे वाटत नाही. एका कारागिराने त्या माणसाचं केलेलं चोख मोजमाप वाटतं.

१९६१ या एका सालाशी मी नेहमी अडखळते. त्या वर्षी आमचे अण्णाभाऊ साठे रशियाला गेले. वाटेगावच्या मातंग घरातला, मुंबईच्या गिरणगावात वाढलेला हा शाहीर, ज्याने १९४३ मध्ये स्टालिनग्राडचा पवाडा रचला, ज्याच्या कलापथकावर मुंबई सरकारने बंदी आणली होती. त्याला तिथे लेखक म्हणून मान मिळाला. कामगार नाटकाला जातात, पुस्तकं विकत घेतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं आणि भरभरून लिहिलं. त्यातला आनंद खरा आहे. त्याला जन्मभर इथे जे नाकारलं गेलं, ते तिथे त्याला दिसलं. पण त्याच १९६१ च्या फेब्रुवारीत मॉस्कोत वासिली ग्रोसमन यांच्या घरी पोलिस शिरले होते आणि त्यांची कादंबरी उचलून घेऊन गेले होते. हस्तलिखित नेलंच, कार्बन पेपर नेले, टाइपरायटरच्या फितीही नेल्या, फितीवर अक्षरं राहतात म्हणून. ग्रोसमन १९६४ मध्ये गेले, कादंबरी छापलेली न बघता. आणि त्याच १९६१ च्या ३० डिसेंबरला, किरिल कोंद्राशिन यांनी शोस्ताकोविचची चौथी सिंफनी पहिल्यांदा वाजवली. तिन्ही गोष्टी एकाच देशातल्या, एकाच वर्षातल्या. मी यातली एकही खोडू शकत नाही.

सत्तेची पद्धत हळूहळू बदलत गेली. १९६४ मध्ये लेनिनग्राडच्या कोर्टात जोसेफ ब्रॉडस्की या २३ वर्षांच्या पोरावर ऐतखाऊपणाचा खटला चालला. न्यायाधीशबाईंनी विचारलं, तुला कवींमध्ये कुणी घेतलं? तो म्हणाला, कुणी नाही, आणि मला माणसांत तरी कुणी घेतलं? फ्रिदा विग्दोरोवा या पत्रकार बाईने कोर्टात बसून हे टिपलं, म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे. कवितेत काय लिहिलंय यापेक्षा संघाचं सभासदत्व आहे का, हा तिथे मोठा प्रश्न होता. नाही, म्हणजे हा कवी नाही, म्हणजे हा काम करत नाही, म्हणजे पाच वर्षं उत्तरेत सक्तमजुरी. त्याआधीच्या तीस वर्षांची सगळी व्यवस्था त्या एका प्रश्नोत्तरात आली आहे.

आणि लोकांनीही आपल्या वाटा काढल्या. दवाखान्यांनी टाकून दिलेल्या एक्स-रेच्या फिल्म घ्यायच्या, कात्रीने गोल कापायच्या, मध्ये पेटत्या सिगारेटने भोक पाडायचं आणि त्यावर बंदी असलेली गाणी कोरायची. कुणाच्या तरी बरगड्यांवरून सुई फिरायची आणि जॅझ ऐकू यायचं. पाच-दहा वेळा वाजली की तबकडी संपली. कविता आणि कादंबऱ्या टाइपरायटरवर, पातळ कागदांत कार्बन घालून निघायच्या. शेवटची प्रत इतकी पुसट की दिव्याजवळ धरून वाचावी लागे, आणि तीही एका रात्रीपुरती, सकाळी दुसऱ्याला द्यायची. १५ सप्टेंबर १९७४ ला मॉस्कोच्या कडेला बेल्यायेवोत मोकळ्या मैदानात काही चित्रकारांनी चित्रं मांडली, तर सरकारने बुलडोझर आणि पाण्याचे फवारे पाठवले. परदेशी वार्ताहरांनी फोटो काढले, बोभाटा झाला, आणि दोनच आठवड्यांनी इझ्माइलोवोच्या बागेत त्याच चित्रकारांना चार तासांची परवानगी मिळाली. हजारो लोक लोटले. चार तास का होईना, पहिल्यांदाच तो हात मागे सरला होता.

ब्रेझनेवच्या काळात सिनेमे जाळत नसत, फळीवर ठेवत, म्हणजे दाखवू देत नसत. १९८६ च्या मे महिन्यात सिनेमावाल्यांच्या संघाने जुनी मंडळी पाडून एलेम क्लिमोव यांना निवडलं आणि ते डबे एकेक करून खाली यायला लागले. आख्मातोवाची ती कविता १९८७ मध्ये मायदेशी छापली गेली, पास्तरनाक आणि ग्रोसमन १९८८ मध्ये. १ ऑगस्ट १९९० पासून कायद्याने पूर्वतपासणी संपली.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि यातलं काहीच मला माहीत नव्हतं. मला जाणवलं ते एवढंच, की प्रदर्शनाची गाडी यायची थांबली. ज्या हाताने तिथल्यांचे गळे धरले होते, तो सुटला तेव्हा माझ्या दोन रुपयांच्या पुस्तकावरूनही सुटला. मराठी विभाग बंद झाले, छपाई थांबली. ग्रोसमन वाचायला मिळणार असेल तर माझी पुस्तकं गेली तरी चालतील, हे आज मी ठामपणे म्हणते. तरी ती गेली याचं वाईट वाटायचं थांबत नाही.

गेल्या दिवाळीत गावाकडचं घर रिकामं करताना ते पुस्तक सापडलं. वाळवीने शेवटच्या पानाचा कोपरा खाल्ला आहे. माझं पत्र आत आहे, पेन्सिलीचं, आता जेमतेम वाचता येणारं : 'मला सावल्या फार आवडल्या.' मी पहिल्यांदाच छपाईच्या तपशिलाचं पान काळजीने पाहिलं. लहानपणी ते कोण वाचतं? मॉस्कोचा पत्ता आहे. अनुवादकाचं नाव आहे. त्याखाली 'चित्रे' असा शब्द आहे, पुढे दोन टिंबं, आणि त्यानंतर वाळवीने पाडलेलं भोक. त्यातून मागच्या पानावरचा बर्फ दिसतो.